सेकंड हँड हायब्रिड घेताना बॅटरीपलीकडचंही पाहा

सेकंड हँड हायब्रिड गाडी बघायला निघालेल्या माणसाला घरात, ऑफिसात, सोसायटीच्या गेटवर एकच प्रश्न विचारला जातो: "आणि बॅटरी गेली तर?" प्रश्न रास्त आहे. पण या एका भीतीपायी लोक दोन्हीकडून फसतात. कुणी चांगली गाडी सोडून देतो, तर कुणी "बॅटरीची वॉरंटी शिल्लक आहे साहेब" एवढं ऐकून बाकी काहीही न तपासता बयाणा देऊन मोकळा होतो. जुन्या हायब्रिडला टोचन लावायची वेळ आणणाऱ्या गोष्टी बऱ्याचदा त्या मोठ्या बॅटरीच्या आसपासच्या असतात. साधी बारा व्होल्टची बॅटरी, धुळीने बुजलेली जाळी, चुकीचं एसी ऑइल, उंदराने कुरतडलेली वायर. या लेखात जास्त जागा त्यांनाच दिली आहे.

आधी समोरची गाडी खरोखर हायब्रिड आहे का, ते ठरवा. २०१५पासून मारुतीने सियाझ, एर्टिगा वगैरे गाड्यांवर 'एसएचव्हीएस' आणि पुढे 'स्मार्ट हायब्रिड' अशी पाटी लावली. या माइल्ड हायब्रिड. त्यांत इंजिनाला पट्ट्याने जोडलेला एक छोटा जनरेटर-मोटर असतो, तो सिग्नलला बंद पडलेलं इंजिन चालू करतो आणि उठताना थोडा हातभार लावतो. गाडी निव्वळ विजेवर एक फूटही पुढे जात नाही. यात वाईट काही नाही, फक्त अशा गाडीला हायब्रिड म्हणून जास्तीचे पैसे मोजू नका आणि हायब्रिड म्हणून घाबरूही नका. ती पेट्रोल किंवा डिझेल गाडीच आहे. आरसीवरच्या इंधनाच्या रकान्यावर विसंबू नका. 'पेट्रोल/हायब्रिड' हा शेरा दोन्ही प्रकारच्या गाड्यांवर सापडतो. मॉडेल आणि व्हेरियंट पाहूनच खात्री करा.

खऱ्या, म्हणजे स्ट्राँग हायब्रिड गाड्या आपल्याकडच्या जुन्या बाजारात मोजक्याच आहेत. २००८ची होंडा सिव्हिक हायब्रिड, २०१०पासून आयात झालेली प्रियस, बंगळूरजवळच्या बिडदीत २०१३पासून जुळवली गेलेली कॅमरी हायब्रिड, आणि मग २०२२ची मोठी लाट: होंडा सिटी ई:एचईव्ही, टोयोटा हायरायडर, मारुती ग्रँड व्हिटारा, इनोव्हा हायक्रॉस. यातल्या सिव्हिकबद्दलचं माझं मत एका वाक्यात सांगतो: स्वस्तात मिळाली तरी घेऊ नका. त्या पिढीच्या सिव्हिकच्या बॅटऱ्या अमेरिकेत इतक्या लवकर दमल्या, की २०१०मध्ये होंडाने सॉफ्टवेअर बदलून त्यांच्यावरचा भार कमी केला आणि त्यापायी अ‍ॅव्हरेज घसरलं म्हणून ग्राहक कोर्टात गेले. प्रियस उत्तम, पण इथे इतकी कमी विकली गेली की काच किंवा बंपर फुटला तरी सुटे भाग शोधत बसावं लागतं. व्यवहारात तुमच्यापुढे दोनच पर्याय उरतात, जुनी कॅमरी किंवा २०२२नंतरच्या गाड्या.

आता त्या मोठ्या बॅटरीचं. कन्झ्युमर रिपोर्ट्स या अमेरिकेतल्या ग्राहक-संस्थेने २०११मध्ये एक २००२ सालची, दोन लाख मैलांहून जास्त, म्हणजे सव्वातीन लाख किलोमीटरच्या पुढे धावलेली प्रियस आपल्या मैदानावर आणून तपासली. नव्या प्रियसचे दहा वर्षांपूर्वीचे आकडे त्यांच्याकडे होतेच. इंधनाचा हिशेब जवळपास तोच निघाला. याचं कारण गाडीच्या कंट्रोलरमध्ये आहे. हायब्रिडची बॅटरी पोटाला तडस लागेपर्यंत न जेवणाऱ्या आणि कधी कडकडीत उपासही न करणाऱ्या माणसासारखी वागवली जाते. साधारण चाळीस ते ऐंशी टक्क्यांच्या मधेच तिला खेळवलं जातं. स्क्रीनवर सगळे दांडे भरलेले दिसले तरी आत ती पूर्ण भरलेली नसते. शिवाय ती लहान असते. हायरायडरची बॅटरी ०.७६ किलोवॉट-तासांची आहे. पहिल्या नेक्सॉन ईव्हीची ३०.२ होती. त्यामुळे इलेक्ट्रिक गाडीच्या बॅटरीच्या किमती ऐकून हायब्रिडचा अंदाज बांधू नका. तुमच्या गाडीचा चासी नंबर देऊन अधिकृत सर्व्हिस सेंटरच्या पार्ट्स काउंटरवर नव्या बॅटरीचं लेखी कोटेशन मागा. तो आकडा हातात ठेवून सौदा करा. विक्रेत्याचा आवाज लगेच खाली येतो.

टोयोटा, मारुती आणि होंडा, तिन्ही कंपन्या आपल्या आताच्या स्ट्राँग हायब्रिडच्या बॅटरीला आठ वर्षं किंवा १,६०,००० किलोमीटर, यातलं जे आधी येईल तितकी वॉरंटी देतात. वर्षं मोजायची ती गाडीच्या पहिल्या विक्रीच्या तारखेपासून, तुमच्या नावावर झाल्यापासून नव्हे. २०२२च्या अखेरीस विकलेल्या गाडीची बॅटरी-वॉरंटी २०३०च्या अखेरीपर्यंत. पण आधीच्या मालकाने सर्व्हिसिंग बाहेर करून घेतलं असेल, वायरिंगला हात लावून म्युझिक सिस्टीम किंवा दिवे बसवले असतील, तर ऐन वेळी कंपनी बोट दाखवणार. म्हणून वॉरंटीचा कागद पाहण्याआधी सर्व्हिसचा इतिहास पाहा. गाडी-क्रमांकावरून अधिकृत सेंटर तो काढू शकतं. मालकाला सोबत घेऊन जा, म्हणजे नकार मिळत नाही.

बॅटरीला खरा त्रास उन्हाचा. अकोला, नागपूर, चंद्रपूर या पट्ट्यात एप्रिल-मेमध्ये पारा पंचेचाळीसला टेकतो आणि उघड्यावर उभ्या गाडीच्या आत त्याहून कितीतरी जास्त तापतं. दोन सारख्या गाड्यांत एक सावलीतल्या पार्किंगची आणि दुसरी कायम उन्हातली असेल, तर मी थोडे जास्त किलोमीटर झालेली पण सावलीतली घेईन. मालकाच्या घरी जाऊन गाडी पाहण्याचा हा एक फायदा. पार्किंग विचारावं लागत नाही, दिसतंच.

यातल्या बहुतेक गाड्यांची बॅटरी हवेने थंड होते, आणि ती हवा केबिनमधूनच ओढली जाते. मागच्या सीटच्या आसपास एक जाळी असते, तिच्यामागे पंखा, काही गाड्यांत आत फिल्टरही. या जाळीवर लोक पिशव्या ठेवतात, सीट-कव्हर चढवताना ती झाकून टाकतात, घरचा कुत्रा मागच्या सीटवर बसत असेल तर त्याचे केस तिच्यात अडकतात. हवा अडली की बॅटरी तापते, पंखा घोंघावू लागतो, मग एक दिवस डॅशबोर्डवर इशाऱ्याचा दिवा. तुमच्या मॉडेलमध्ये जाळी नेमकी कुठे आहे, ते मॅन्युअलमध्ये असतं. गाडी बघताना हात घालून ती उघडा. आत गादी धरल्यासारखी धूळ असेल तर आधीच्या मालकाने मॅन्युअल उघडलेलंच नाही, एवढं नक्की. गाडी घेतल्यावर ही जाळी दर सर्व्हिसिंगला साफ करून घ्या, आणि ते काम जॉबकार्डावर लिहूनच घ्या, नाहीतर होत नाही. हवा केबिनची असल्यामुळे आणखी एक गोष्ट ओघाने आली. उन्हाळ्यात एसी बंद ठेवून पेट्रोल वाचवण्याचा प्रयत्न करू नका. उन्हात तापलेली गाडी आधी काचा खाली करून दोन मिनिटं चालवा, मग एसी लावा. तुम्हाला गारवा वाटतो तेव्हा बॅटरीलाही वाटतो.

गाडी तपासायला सकाळी जा आणि इंजिन गरम करून ठेवू नका असं मालकाला आदल्या दिवशीच सांगा. ब्रेक दाबून बटण दाबल्यावर 'रेडी' हा शब्द उमटला पाहिजे. इंजिनाचा आवाज आलाच पाहिजे असं नाही. मग ऊर्जेचा प्रवाह दाखवणारी स्क्रीन लावून रहदारीतून अर्धा-पाऊण तास फिरवा. एखादा चढ असेल तर उत्तम. बॅटरीचे दांडे भराभर खाली येऊन तितक्याच भराभर वर जात असतील, दोन मिनिटांत रिकामी आणि उतारावर लगेच पूर्ण, तर तिची साठवण घटली आहे. मागून पंख्याचा सततचा मोठा आवाज हीसुद्धा तीच खूण. गाडी उभी असताना इंजिन सारखं चालू-बंद होत असेल तरी विचारा.

याच्या पुढचं डोळ्यांना दिसत नाही, त्यासाठी स्कॅनर लागतो. कॅमरीच्या निकेल-मेटल हायड्राइड बॅटरीत ३४ मॉड्यूल असतात आणि गाडीचा संगणक त्यांच्या १७ जोड्यांचं व्होल्टेज वेगवेगळं पाहतो. गाडी जोर लावत असताना सगळ्या जोड्या साधारण एकसाथ खालीवर व्हायला हव्यात. एखादीच सतत अर्धा-एक व्होल्ट मागे पडत असेल, तर पॅकला उतार लागला. 'पी०ए८०' हा कोड निघाला तर विषयच संपला, बॅटरी बदलायची आहे. मात्र कोड नाही याचा अर्थ सगळं ठीक असाही नव्हे. तासाभरापूर्वी पुसून टाकला असू शकतो. म्हणून स्कॅन फेरफटका मारून आल्यावर करा. आणि "एक मॉड्यूल बदलून दिलंय, आता टेन्शन नाही" असं कुणी सांगितलं, तर टेन्शन तिथेच सुरू होतं. जुन्या ३३ मॉड्यूलांमध्ये एक वेगळ्या दमाचं बसवलं की काही महिन्यांत दुसरं कुणीतरी मान टाकतं. अशा गाडीचा भाव पूर्ण नव्या बॅटरीची किंमत वजा करूनच बोला.

पुराची गाडी ओळखण्याकडे हायब्रिडच्या बाबतीत दुप्पट लक्ष हवं. चिपळूण जुलै २०२१, नागपूर सप्टेंबर २०२३, चेन्नई डिसेंबर २०२३, पुण्याचा सिंहगड रोड जुलै २०२४; या पाण्यात गेलेल्या गाड्या भंगारात गेल्या असं समजू नका. धुऊन-पुसून, अत्तर मारून त्या दुसऱ्या शहरात विकायला येतात. हायरायडर आणि ग्रँड व्हिटाराची बॅटरी डिकीच्या तळाशी, म्हणजे पाणी जिथे साचतं तिथेच. डिकीचा गालिचा उचला, स्टेपनीच्या खळग्यात गाळाची रेघ शोधा, सीट-बेल्ट शेवटपर्यंत ओढून त्याचा खालचा भाग हुंगा, सीटच्या रुळांवरचा गंज पाहा. केशरी रंगाच्या जाड केबल दिसतील, त्या उच्च दाबाच्या. त्यांच्या जोडांवर पांढरी-हिरवी बुरशी आहे का, ते लांबूनच पाहायचं, बोट लावायचं नाही. शंका आली तर आधीच्या विमा कंपनीकडे किती क्लेम झाले, ते मालकाकरवी लेखी काढून घ्या.

गाडी दारात आली की पहिला खर्च बारा व्होल्टच्या बॅटरीचा धरून चला, विशेषतः ती तीन-चार वर्षं जुनी असेल तर. मोठी बॅटरी इंजिन फिरवते हे खरं, पण तिला जागं करणारे संगणक आणि रिले या छोट्या बॅटरीवर चालतात. ती बसली की डॅशबोर्डवर पाच-सहा दिवे एकदम लागतात, 'रेडी' येत नाही, आणि नव्या मालकाला वाटतं, गेले तीन लाख! खरं तर ही काही हजारांची गोष्ट. पंधरा-वीस दिवस गाडी उभी राहिली, किंवा ब्रेक न दाबता नुसतं बटण दाबून गाणी ऐकत बसलं, की ती उतरते. गावाला किंवा परदेशी मुलांकडे जाणार असाल तर कुणाला तरी आठवड्यातून एकदा गाडी 'रेडी'मध्ये अर्धा-पाऊण तास ठेवायला सांगा, तीही उघड्यावर, कारण मधेच इंजिन चालू होतं; बंद गॅरेजात हे करणं जिवावर बेतू शकतं. नवी बॅटरी मॅन्युअलमध्ये लिहिलेल्याच प्रकारची घ्या. कॅमरीत ती डिकीत आहे आणि तिला वायू बाहेर नेणारी नळी असते, दुकानदार ती जोडायला विसरतो. बॅटरी डिकीत असली तरी जंपस्टार्टचं टोक बॉनेटखाली दिलेलं असतं, ते आजच शोधून ठेवा. शेजाऱ्याची गाडी चालू करायला मात्र आपली हायब्रिड वापरू नका. त्यासाठी ती बनवलेली नाही.

यानंतरची गोष्ट ऐकून अनेक जण चकित होतात. या गाड्यांचा एसी कॉम्प्रेसर पट्ट्यावर नाही, थेट उच्च दाबाच्या विजेवर चालतो. त्यातलं ऑइल वीज न वाहू देणारं, खास प्रकारचं असतं. नाक्यावरच्या एसीवाल्याने गॅस भरताना नेहमीचं ऑइल टाकलं, किंवा त्याच्या मशीनच्या पाइपात उरलेलं थोडंसं आत गेलं, तरी इन्सुलेशन बिघडतं आणि उच्च दाबाच्या गळतीचा दोष दाखवून गाडी चालायची थांबू शकते. कॉम्प्रेसर, पाइप सगळंच धुवायचं किंवा बदलायचं काम निघतं. एसीपुरतं तरी अधिकृत सेंटर किंवा हायब्रिडची स्वतंत्र मशीन असलेलं गॅरेज. गाडी घेतानाही विचारा, एसीचं काम कधी आणि कुठे केलं?

टोयोटाच्या पद्धतीत क्लच नाही, गिअर बदलणारी यंत्रणा नाही, स्टार्टर नाही, अल्टरनेटर नाही. दोन मोटर-जनरेटर आणि एक ग्रहमालेसारखा दातेरी संच, दोन्ही ट्रान्सअ‍ॅक्सल नावाच्या एकाच पेटीत, बस. होंडा सिटीत हायवेच्या वेगाला इंजिन थेट चाकांना जोडणारा एक क्लच आहे, बाकी वेळ इंजिन मुख्यतः वीज बनवतं. बिघडण्यासारखे सुटे भाग मुळातच कमी. पण जे आहेत त्यांना तेल आणि कुलंट लागतंच. ट्रान्सअ‍ॅक्सलचं तेल जन्मभराचं असं काही ठिकाणी सांगतात. लाखभर किलोमीटरच्या गाडीत मी ते बदलून घेईन. तीन-चार लिटर तेल, मोठा खर्च नाही, फक्त कंपनीने सांगितलेल्याच दर्जाचं. टोयोटात इन्व्हर्टरला स्वतंत्र कुलंट आणि स्वतंत्र टाकी असते. बॉनेट उघडून दोन्ही टाक्या पाहा. गुलाबी कुलंटमध्ये कुणी हिरवं किंवा नळाचं पाणी ओतलं असेल तर रंगावरून कळतं. इंजिन ऑइल पातळ दर्जाचं लागतं, ०डब्ल्यू-१६ किंवा ०डब्ल्यू-२०. "आपल्या हवेला जाड बरं" हा सल्ला ऐकू नका. शहरातल्या छोट्या फेऱ्यांत हायब्रिडचं इंजिन धड गरम होण्याआधीच बंद पडतं, त्यामुळे वर्षात पाच हजारच किलोमीटर झाले तरी ऑइल वर्षाने बदलायचं.

ब्रेकची गंमत उलटी आहे. गाडी हळू होताना मोटरच वीज बनवत तिला आवरते, त्यामुळे पॅड लाखभर किलोमीटर सहज टिकतात. ते झिजत नाहीत म्हणून कुणी चाक काढत नाही, आणि कॅलिपरच्या पिना आतल्या आत गंजून अडकतात. रत्नागिरी, मालवण, गोव्याच्या खाऱ्या हवेत तर नक्कीच. दर पावसाळ्यानंतर एकदा चारही चाकं काढून पिना साफ करून ग्रीस लावून घ्या, ब्रेक ऑइल दोन वर्षांनी बदला. या गाड्यांचे ब्रेक संगणकाच्या ताब्यात असतात, दार उघडताच पंप दाब तयार करू शकतो. मेकॅनिकची बोटं कॅलिपरमध्ये असताना हे झालं तर अपघात. माहिती असलेल्या माणसाकडूनच हे काम. ब्रेक दाबल्यावर पंप दर काही सेकंदांनी गुरगुरत असेल तर ती गाडी सोडा, दाब तयार करणाऱ्या त्या अ‍ॅक्च्युएटरचा खर्च बॅटरीच्या तोडीचा होऊ शकतो.

उंदरांबद्दल महाराष्ट्रातल्या वाचकांना सांगायला नको. साध्या गाडीत कुरतडलेली वायर जोडून टेप गुंडाळता येते; केशरी केबलला तसं जोडकाम चालत नाही, पूर्ण केबल बदलावी लागते. जाळी बसवा, पार्किंगमध्ये खरकटं पडू देऊ नका, आणि विमा घेताना उंदरांचं नुकसान आणि हायब्रिड बॅटरीचं संरक्षण दोन्ही त्यात आहे का, ते पॉलिसीत वाचून घ्या.

हायब्रिड सगळ्यांसाठी नाही, हेही बोलायला हवं. हायरायडरचा कंपनीने जाहीर केलेला आकडा लिटरला २७.९७ किलोमीटर आहे आणि ती कमाई रहदारीत होते, ब्रेक-अ‍ॅक्सिलरेटरच्या खेळात. समृद्धी महामार्गावरून एकसारख्या १२०च्या वेगाने नागपूर-मुंबई करणाऱ्याला तो फायदा आटलेला दिसेल. महिन्याला तीन-चारशे किलोमीटरच फिरणाऱ्याचं जास्तीचं मोल वसूल होत नाही, वर उभ्या गाडीचे त्रास वाट्याला येतात. आणि तालुक्याच्या गावी राहत असाल, जवळचं हायब्रिड हाताळणारं सर्व्हिस सेंटर शंभर किलोमीटरवर असेल, तर साधी पेट्रोल गाडी घ्या. ठाणे, पुणे, नाशिकच्या रहदारीत रोज चाळीस-पन्नास किलोमीटर घासणाऱ्याला मात्र तीन-चार वर्षांची सिटी ई:एचईव्ही किंवा ग्रँड व्हिटारा बिनधास्त सुचवीन. ग्रँड व्हिटारा आणि हायरायडर दोन्ही बिडदीच्याच कारखान्यातून येतात, यंत्रणा तीच. त्यामुळे जी स्वस्त मिळेल ती घ्या, नावाला भुलू नका.

शेवटी कागद. उत्तर प्रदेशाने जुलै २०२४मध्ये स्ट्राँग हायब्रिडवरचा नोंदणी कर माफ केला, त्यामुळे तिथल्या गाड्यांचे आकडे ऑनलाइन फार मोहक दिसतात. ती गाडी इकडे आणून एमएच नंबर घ्यायचा तर महाराष्ट्राचा कर भरावा लागतोच, तो आपल्या आरटीओकडून आधी काढून घ्या आणि मगच किंमत तोला. परराज्यातल्या गाडीसाठी फॉर्म २८ची एनओसी, हस्तांतरणासाठी २९ आणि ३०, कर्ज फिटलं असेल तर ३५. कंपनीच्या संकेतस्थळावर चासी नंबर टाकून एखादा रिकॉल बाकी आहे का, ते पाहा. वाढीव वॉरंटी घेतलेली असेल तर ती आपोआप तुमच्या नावावर येईल असं धरू नका. सर्व्हिस सेंटरमध्ये हस्तांतरणाचा वेगळा अर्ज असतो, आणि त्यावर आधीच्या मालकाची सही लागू शकते. ती सही किल्ली घेण्याच्या आधी, पूर्ण पैसे देण्याच्याही आधी घ्या.